वाकड्या टोकाचा बाण

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर वही हातात घेतली ती हीच. कधी कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आम्ही मस्कतला वादी कबीरमध्ये राहतो. नवरा बोर्ड बनवण्याच्या वर्कशॉपमध्ये आहे, मी डबे करते. मला इंग्रजी वाचता येत नाही, अरबी तर नाहीच. नवीन आले तेव्हा रुवीच्या बाजारातून घरी परतताना रस्त्यावरचा एकच बोर्ड मला कळायचा. निळी मोठी पेटी, आत ट्यूब, वर पांढरा बाण. बाणाचं टोक जरा वाकडं, कारण मी यायच्या कितीतरी आधी ते नवऱ्याने वर्कशॉपमध्ये हाताने कापलं होतं. ते उजेडात दिसलं की मी टॅक्सीवाल्याला "बस, इधर" म्हणायचे.

मग रस्त्यावर नवे बोर्ड आले. जुना बरका गावातल्या भंगारवाल्याकडे गेला, असं नवऱ्याने जेवताना सांगितलं. "शनिवारी कापणार," म्हणाला आणि आमटी मागितली.

मी वाढलीच नाही. "आपण तो आणू या."

"घरात माणसं मावत नाहीत."

"तरी आणू या."

भंगारवाल्याने फोनवर तीस रियाल सांगितले. एवढे हातात नव्हते. शेजारी रत्नागिरीकडच्या भाभी राहतात. त्यांच्याकडे मी कधी वाटीभर साखरही मागितली नव्हती. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले, तिसऱ्यांदा बेल दाबली.

"अगो, बोर्डासाठी? बायका पैसे घेतात त्या सोन्यासाठी!" भाभी हसल्या. "गळ्यात घालणार की हातात?" पण पैसे दिले. दर शुक्रवारी तीन रियाल परत करीन, असं मी सांगितलं.

शुक्रवारी पिकअप घेऊन गेलो. कटर बाहेर काढून ठेवलेला होता. भंगारवाला म्हणाला, "अम्मा, ये तो खलास है."

मी खाली बघतच म्हटलं, "यही चाहिए. काटना मत."

बोर्ड वर्कशॉपच्या मागे उतरवला. धूळ फार होती. नवरा चहाला गेला तेवढ्यात मी तारेची घासणी घेतली आणि कढईसारखा घासला. एका कोपऱ्यातला निळा रंग निघून पांढरं दिसायला लागलं.

"अगं, ही काय तुझी कढई आहे?" नवरा ओरडला. तोवर त्याला त्या बोर्डाचं काही नव्हतं. आता घासणी हिसकावून तो स्वतःच बसला. त्या दिवसापासून आम्ही रिठ्याच्या पाण्याने, मऊ फडक्याने, हातभर हातभर पुसत गेलो. रेशमी साडी धुतात तसं. ओरखडे रंगवायला तो निघाला, मी थांबवलं. बोर्ड जुना आहे, जुनाच दिसू दे. ट्यूब आणि चोक मात्र नवे घातले.

पेटला तेव्हा वर्कशॉपचा मालक, आमचा अर्बाब, बाहेर आला. बाणाच्या वाकड्या टोकावरून त्याने बोट फिरवलं. हिंदीत म्हणाला, "ये मेरे बाबा के टाइम का है." बोर्ड लावायला त्याने वर्कशॉपच्या आतली एक अख्खी भिंत दिली. तिथे आता आणखी दोन जुने बोर्ड आहेत. तेही आम्हीच पुसले.

दहाव्या शुक्रवारी शेवटचे तीन रियाल भाभींच्या हातात ठेवले.

"चल, दाखव आता तुझा दागिना," त्या म्हणाल्या.

"आधी मोजा."

त्यांनी मोजले. तीसच्या तीस फिटले.