आखूड दस्त्याच्या रायफली

लातूरच्या स्थानिक गुन्हे शाखेत असताना हाताळलेलं एक प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रातही आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. ढिगारे उपसताना जुन्या दगडी भिंतींतून काय काय निघालं होतं. निजामाच्या काळात किंवा नंतरच्या धामधुमीत लोकांनी दडवलेल्या तलवारी, तोंडातून दारू ठासायच्या भरमार बंदुका, एखादी गंजलेली रायफल. काहींनी त्या ठाण्यात आणून जमा केल्या, काहींच्या भंगारात गेल्या. एकीकडे ही पडझड आणि दुसरीकडे लातूर शहर शिकवणी वर्गांनी फुगत चाललेलं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, वसतिगृहं, खानावळी, आणि सकाळपासून रस्त्यावर सायकलींची रांग.

अशा दिवसांत शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा एक भंगार दुकानदार मला भेटायला आला. तीन पिढ्यांचं दुकान, माणूस सरळ. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता.

"साहेब, एक माणूस येऊन राहिला दुकानात. जुनी रायफल हाय का म्हणून पुसतो. गंजलेली चालते म्हणतो, मोडकी चालते म्हणतो, पण बोल्टची पाहिजे. भरमार नको."

"किती वेळा आला?"

"दोनदा आला. भोकरच्या बाजारातबी पुसून गेला म्हणे. आम्ही बालबच्चेवाले, साहेब. उद्या काही झालं तर नाव आमचं येईल."

त्या काळी राज्याच्या सीमेपलीकडच्या जंगलात नक्षलवाद्यांकडे हत्यारं जातात अशी धास्ती आम्हाला कायम असायची. स्वस्तात जुन्या रायफली गोळा करायच्या, नवीन लाकूड चढवून तयार करायच्या आणि पुढे पाठवायच्या, असा हा धंदा असणार, असं माझ्या वरिष्ठांनी गृहीतच धरलं. त्यांना टोळी हवी होती. खोटं कशाला बोलू, मलाही हवी होती.

आम्ही नांदेडच्या सहकाऱ्यांना कळवून सापळा लावला. जमा झालेल्यांपैकी एक निकामी रायफल दुकानात ठेवली, पंच बसवले. बाजाराच्या दिवशी तो एसटीनं आला. पन्नाशीचा, ताठ पाठीचा, डोक्यावर बारीक कापलेले केस. रायफल हातात घेतल्यावर त्यानं बोल्ट मागे ओढला, नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि अगदी मंद हसला.

"तुमचा वजनकाटा बिघडलाय," तो दुकानदाराला म्हणाला. "नीट करून देतो. बदल्यात ही द्या."

आम्ही पुढे झालो तेव्हा तो पळाला नाही. रायफल हळूच पोत्यावर ठेवली आणि दोन्ही हात समोर केले.

तो लष्करातून निवृत्त झालेला हवालदार निघाला. तिथं शस्त्रं दुरुस्त करायचं काम. गाव शिरूर अनंतपाळकडचं, भूकंपानंतर घरचं कुणी उरलेलं नाही, आता लातुरात शिकवणीच्या मुलामुलींसाठी खानावळ चालवत होता. झडतीत मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांआड एक पेटी सापडली. तिच्यात घोंगडीत गुंडाळलेल्या तीन रायफली. लोखंड तेल लावून चकचकीत, आणि दस्ते, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, नवे, हातानं घडवलेले, इतके गुळगुळीत की बोट ठेवलं तर सरकावं.

कोठडीत तो काही बोलेना. कोणी पैसे दिले, कुणाला द्यायच्या, आणखी कोण आहे, एकाच प्रश्नाला दहा बाजूंनी आम्ही भिडलो. त्याचं उत्तर एकच.

"माझ्या हायेत. मीच केल्या. दुसरं कुणी न्हाई."

खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो, हा माझा अनुभव. हा काहीच देत नव्हता. दिलेला चहाही तो उभा राहून प्यायचा.

मुख्यालयाच्या शस्त्रागारातल्या जमादारांनी रायफली पाहून मत दिलं. "दस्ते आखूड केलेत, साहेब. लपवायला."

मला ते पटेना. लपवायची तर नळी कापतात. नळ्या तर पूर्ण होत्या. मी त्या तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा आणखी एक दिसलं. तिन्हींचे दस्ते सारखे नव्हते. पहिल्याहून दुसरा बोटभर लांब, दुसऱ्याहून तिसरा आणखी थोडा. मी सर्वांत लांब दस्त्याची उचलून खांद्याला लावली, तर अंगठा नाकावर आला.

आमच्या शाखेत एक महिला शिपाई होती, अंगानं लहानखुरी. तिला म्हटलं, "जरा लावून बघ."

तिनं लावली. थोडी अवघडली. "मला बसतीय, सर. पण ही दुसरी माझ्या धाकट्या बहिणीला बसंल. आणि ही पहिली तर... ही लेकराची हाय."

मी त्याला कोठडीतून माझ्या खोलीत आणायला सांगितलं. बाकीच्यांना बाहेर पाठवलं, फक्त ती शिपाई राहिली. त्याला खुर्ची दिली. आधी तो बसेना, मग बसला.

"हवालदार," मी विचारलं, "मुलगी केवढी होती?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नंतर टेबलावरच्या रायफलींकडे.

"सातवीला होती, साहेब. मी सरहद्दीवर. भूकंपात आमचं घर गेलं, त्यात मायलेकी दोघी गेल्या. मी आलो तवर सगळं उरकलं होतं. मला तोंडसुदिक बघायला मिळालं न्हाई."

मग तो बोलत गेला. सुट्टीवर आला की तो तिला जत्रेत न्यायचा. फुगे फोडायच्या बंदुकीपुढून ती हलायची नाही. नेम चांगला, पण बंदूक मोठ्या माणसाच्या मापाची. दर वेळी तक्रार करायची, "बाबा, दस्ता लई लांब हाय, माझा डोळा पुरत न्हाई." यानं तिला शब्द दिला होता की निवृत्त झालो की तुझ्या मापाची करून देतो, मग तू खऱ्या स्पर्धेत खेळ.

"निवृत्त झालो," तो म्हणाला. "नवी रायफल मला कोण देतंय? मग मोडक्या हुडकल्या. कुणाची मोटर नीट करून दिली, कुणाचं इंजिन. लाकूड आमच्याच पडलेल्या घराचं हाय."

"आणि तीन कशाला?"

"वाढती की लेकरं, साहेब." जणू मीच काहीतरी विसरलो होतो. "ही आठवीतली. ही दहावीची. ही आत्ताची, अकरावीची. अकरावीच्या पोरी खानावळीत जेवाय येतात. त्यांच्याकडं बघतो अन् अंदाज धरतो, एवढी झाली असती."

महिला शिपाई उठून खिडकीशी गेली.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. तिन्हींत फायरिंग पिन नव्हती, गोळी सुटण्याच्या स्थितीत एकही नव्हती. काडतूस एकही सापडलं नव्हतं. तरी परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा गुन्हाच. मी दोषारोपपत्र पाठवलं, पण तपासात जे निघालं ते सगळं त्यात लिहिलं. त्यानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. कोठडीत गेलेले दिवस शिक्षेत धरून त्याची सुटका झाली. रायफली सरकारजमा होऊन पुढे नष्ट झाल्या, दस्त्यांसकट. ते लाकूड तरी परत मिळावं म्हणून मी तोंडी विनंती करून पाहिली होती. नियमात बसलं नाही.

बदली झाली तेव्हा लातूर सोडण्याआधी मी त्याच्या खानावळीत गेलो. दुपारची वेळ, पंगत उठली होती. त्यानं मला पिठलं-भाकरी वाढली आणि समोर बसला.

"आता पुन्हा जुन्या रायफली हुडकत नाही ना?" मी विचारलं.

"न्हाई, साहेब. तवा बारावीच्या मापाची चौथी रायफल करायला निघालो होतो, पण तिची गरजच न्हाई." त्यानं ताटात आणखी थोडा ठेचा वाढला. "पोरींची उंची ह्या वयात थांबती. तिसरी तिला जलमभर पुरली असती."

मी ताटातली भाकरी संपवली.

नोकरीत मी पुष्कळ हत्यारं जप्त केली. हत्यार कुठून आलं आणि कुठं चाललं होतं, हे दोन प्रश्न आमच्या तोंडी बसलेले असतात. त्या प्रकरणानंतर नव्या पोरांना शिकवताना मी तिसरा प्रश्न सांगू लागलो, ते कुणाच्या मापाचं आहे ते बघा. त्याचा इतर तपासांत उपयोगही झाला.

पण आता निवृत्तीनंतर उपयोगाचं फारसं आठवत नाही. कधी लातूरला जाणं झालं की सकाळी क्लासला निघालेल्या मुली दिसतात, पाठीवर दप्तर, केस अजून ओले. मी रस्त्याकडेला थांबतो आणि नकळत वर्षं मोजायला लागतो. ती असती, तर आज तिची मुलगी एवढी असती.