शकूच्या हळदीची पिवळी पट्टी

"मोठी आई, डबा नको आणू आता," एवढंच प्रमोद फोनवर बोलला. मी म्हटलं, काऊन रे, दवाखान्यातलं जेवण आवडाले लागलं का शकूले? तिकडून हुंदका आला, मग समजलं, शकू गेली. भाकरी तव्यावर होती. ती मी उलटली, शेकली, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकणही लावलं. असं का केलं ते आजही सांगता येत नाही. पाठीला लोड लावून बसलेली, "बाई, उद्या भाजी जरा तिखट आणजा, इथं सगळं अळणी हाय," म्हणणारी बाई आदल्या दिवशीच तर पाहून आले होते.

शकू म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि प्रमोद तिचा मुलगा. ती सिंदीहून लग्न होऊन आली तेव्हा मी या घरात जुनी झाले होते आणि थोरलेपणाचा तोराही मला बराच होता. पहिल्याच आठवड्यात मी तिला हळदीचे कंद उकडायला बसवलं, म्हटलं पाहू किती टिकते. धुरानं डोळे लाल झाले तरी उठली नाही. मी विचारलं, "काय ग, रडून राह्यली का?" तर म्हणाली, "नाई बाई, तुमची हळदच मले पाहून रडून राह्यली." अशी ती. मी रागवायचं ठरवलेलं असायचं आणि हसू यायचं. पुढं आमची दोघींची घरधनी माणसं पाठोपाठ गेली, लेकरं आपापल्या वाटेला लागली, आणि त्या घरात आम्ही दोघी, दोन एकर हळद आणि एक चक्की एवढंच उरलं. गिरणीवाला हळद दळायला नको म्हणायचा, पुढच्याचं पीठ पिवळं होतं म्हणून. त्यावर शकूनं घरीच चक्की बसवली. दळायची तीच. मला ती चक्कीला हात लावू द्यायची नाही. "तुम्ही घाई करता बाई, हळद तापते," म्हणायची. हळद तापली की तिचा जीव जातो, असं तिचं म्हणणं.

हिंगणघाटच्या रस्त्यावरच्या दुकानांत आणि सोमवारच्या बाजारात तिची हळद विकली जायची; माल पोचवायला प्रमोद यायचा. मांजरपाटाची पांढरी पिशवी, आत प्लास्टिकची पन्नी, पिशवीवर रबरी शिक्का, 'शकूबाईची हळद'. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या स्वयंपाकघरात ती पिशवी आलीही असेल. आली असेल तर ती तिचीच होती की नाही, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तीच गोष्ट सांगायची आहे.

एका लग्नसराईत आमच्या अंगणात एक जीप येऊन उभी राहिली. चार माणसं उतरली, त्यात नवरीचा मामा. त्यानं आमचीच पिशवी ओट्यावर आपटली. म्हणाला, "हे तुमचं नाव हाय न? पोरीले हळद लावली आन् तोंड सुजून आलं तिचं. फोड आले फोड! मांडवात पदर घेऊन बसली ते पोरगी." शकूनं पिशवी हातात घेतली. शिक्का तोच, अक्षरं तीच, शिवणसुद्धा तशीच. तिनं चिमूटभर हळद हातावर घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "दादा, हे माझी नाई." मामा म्हणाला, "नाव कोणाचं हाय मंग?" कोणीतरी रंग घातलेलं पीठ, नावाला थोडीशी खरी हळद मिसळून, तिच्या नावानं विकत होतं. पण माणसं गेल्यावर ती त्या चोराबद्दल एक शब्द बोलली नाही. तिला सारखी ती पोरगीच दिसत होती. "बाई, हळदीच्या दिवशी सारं गाव नवरीचं तोंड पाहाले येते हो," एवढंच दोन-तीनदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी पत्ता काढून ती त्या पोरीला पाहायला गेली. त्यांनी घरात घेतलं नाही. दारातूनच परत आली.

मग सुरू झाली नावाची राखण. आधी नागपूरहून चमकतं स्टिकर आणलं, वाकडं करून पाहिलं की सात रंग दिसणारं. आम्हाला वाटलं, झालं काम. दोन महिन्यांत नकली पिशवीवरही स्टिकर आलं, आणि खोटं कशाला बोलू, त्यांचं आमच्यापेक्षा जास्त चमकायचं! एक गिऱ्हाईक तर मला म्हणाला, "आजी, तुमचं फिकं हाय, हे नकली दिसते." शकू इतकी हसली की तिला ठसका लागला. हसणं थांबल्यावर म्हणाली, "बाई, जे विकत भेटते ते त्यायलेही विकत भेटन. जे आपल्याच घरात हाय असं काई पाह्यजे."

आणि ते तिला घरातच सापडलं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडं कोणत्या बाईला माहीत नाही? तिनं मांजरपाटाच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या, आमच्याच हळदीच्या उकळत्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवल्या आणि प्रत्येक पिशवीच्या तोंडाच्या शिवणीत एक पट्टी बाहेर लोंबती ठेवून शिवली. गिऱ्हाइकानं पट्टीला चुन्याचं बोट टेकवायचं. लाल झाली तर शकूबाईची, पिवळीच राहिली तर बाजारच्या रंगाची. आता आमच्या जिल्ह्यात माणसाच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण चुन्याची डबी असतेच. दुकानादुकानांत बाप्यांचा खेळच झाला. "लोकं दुसऱ्याले चुना लावतात, हे बाई स्वतःले लावून घेते," अशी चेष्टा व्हायची. नकलीवाल्यांनी पिवळ्या पट्ट्या लावल्या, पण स्वस्तातल्या रंगाच्या. चुन्याला त्या ढिम्म. दोन वर्षं आमचं नाव परत उजळ झालं. दुकानं तपासायचं काम माझ्याकडं होतं. मी चुन्याची डबी कमरेला खोचून एस.टी.नं हिंडायचे. मला ते फार आवडायचं, खरं सांगते. साहेबीण झाल्यासारखं वाटायचं.

त्याच साहेबीपणात माझ्या हातून ते झालं.

रस्त्यावरचे एक किराणावाले शेठजी, आमची हळद सगळ्यांत आधी ठेवणारे. जीप आली त्या वर्षी सगळ्यांनी माल परत केला तेव्हा यांनी एकट्यांनी केला नव्हता. उन्हाळ्यात मी त्यांच्या दुकानी गेले. आमच्या पिशव्या त्यांनी हौसेनं दर्शनी, दोरीला ओळीनं टांगल्या होत्या. पाहते तर पट्ट्या पांढुरक्या. चुना टेकवला... लाल नाही. दुसरी पाहिली, नाही. तिसरी, नाही. माझं डोकं फिरलं. बाजाराचा दिवस, दुकानासमोर गर्दी. मी ओरडले, "शेठजी, तुम्हीसुद्धा?" ते म्हणत होते, "बाई, तुमच्या घरचाच माल हाय हो, प्रमोदनंच आणून देल्ला." मी ऐकते कशाची! दोरी तोडली, पिशव्या फाडल्या आणि लोकांसमोर सगळी हळद नालीत ओतली. शेठजी पांढरे पडून पाहत राहिले. साठीचा माणूस, त्याला मी चारचौघांत चोर म्हटलं आणि ताठ मानेनं बसमध्ये बसून घरी आले.

शकूला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी एकच विचारलं, "वास घेतलता का, बाई?"

नव्हता घेतला. दोन्ही हात हळदीनं भरले होते, नाकापर्यंत नेले असते तरी समजलं असतं. मी पट्टी पाहिली, हळद पाहिलीच नाही. शकू उठली, एक पट्टी अंगणातल्या तारेवर उन्हात टांगली आणि रोज जाऊन पाहू लागली. आठ दिवसांत ती दुधासारखी झाली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं का? हळदीचा डाग पडलेलं लुगडं जन्मभर उन्हातच टाकत आलो आम्ही! आणि तीच हळद आम्ही खूण म्हणून उन्हात लोंबती ठेवली. ते नालीत गेलं ते तिच्या हातचं, तिनं रात्रंदिवस जपून दळलेलं सोनं होतं. ती मला टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आता पट्टी शिवणीच्या आत दडवू, पाहाची असन त्यानं तोंड उलटून पाहावं, ऊन लागणार नाई," आणि लगेच सुई घेऊन बसली.

पुढच्या सोमवारी मात्र ती सकाळीच नवं लुगडं नेसून निघाली. हळकुंडं निवडायचे दिवस, कामाचा ढीग. कुठं म्हटलं तर "सिंदीले, भावाकडे." संध्याकाळी परत आली ती पाय ओढत, चेहरा उन्हानं काळवंडलेला. मी दिवसभर एकटी राबलेली. म्हटलं, "कामाच्या दिवसात बरी माहेरची आठवण येते तुला!" ती पायरीवर बसून गुडघा चोळत म्हणाली, "हो न बाई, भावानं ठेवून घेतलं, दोन घास खाऊन जाय म्हणे." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. त्यानंतर शेठजींनी आमची हळद परत ठेवायला सुरुवात केली. मला वाटलं, राग ओसरला असेल म्हाताऱ्याचा. मी त्यांच्या दुकानाकडं पुन्हा फिरकले नाही, माफीही मागितली नाही. शकूनंही कधी जा म्हटलं नाही.

तिच्या तेरवीला शेठजी आले होते. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मोठ्या बाई, अशी बाई पुन्हा होणार नाई. त्या सोमवारी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत माह्या दुकानासमोर उभी होती." मी विचारलं, कोणत्या सोमवारी? त्यांनी सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हात जोडून सांगत होती की शेठजींचा माल खरा होता, पट्टी मीच चुकीची लावली, आणि माझ्या जावेला मीच पाठवलं होतं, पट्टी लाल नाही झाली तर माल नालीत ओतून ये, असं मीच सांगितलं होतं. शेठजींनी स्टूल दिलं तर बसली नाही. दुपारी पाणी तेवढं प्याली.

माझ्या हातात सुपारीचं ताट होतं ते मी खाली ठेवलं. सिंदी, भाऊ, दोन घास... सगळं खोटं. उभ्या आयुष्यात माझ्याशी ती बहुधा तेवढंच खोटं बोलली, आणि तेही मला चारचौघांत मान खाली घालावी लागू नये म्हणून. आणि त्या सुजलेल्या गुडघ्याला मी टोमणा मारला होता.

पुढच्या सोमवारी मी गेले. दुकानात गर्दी होती, तरी सगळ्यांसमोर म्हटलं, "शेठजी, शकूनं मला पाठवलं नव्हतं. माझ्याच मनानं मी ते केलं. तुम्हाला चोर मी म्हटलं." शेठजी तराजूत साखर घालत होते. हात थांबवून म्हणाले, "ते मले त्याच दिवशी समजलं होतं बाई. तिले खोटं बोलता कुठं येत होतं? सांगतानी सारखी खाली पाहे." मग परत साखर घालत, "पण तुमच्या तोंडून ऐकलं, बरं वाटलं," म्हणाले. मला वाटलं होतं ओझं उतरेल. उतरलं नाही. ज्या माणसाला सांगायचं होतं ते माणूस हे नव्हतंच.

घरी आल्यावर चक्कीच्या खोलीत गेले. दवाखान्यात जाण्याआधी तिनं शिवून ठेवलेल्या पिशव्या खुंटीला आहेत, तीन बाजूंनी शिवलेल्या, शिक्का मारलेल्या, शिवणीच्या आत पट्टी दडवलेल्या. फक्त भरायच्या राहिल्या. यंदाची हळद मी दळली. जपून दळली, मध्ये मध्ये थांबून, पण तापलीच थोडी. प्रमोद म्हणाला, "मोठी आई, आईच्या पिशव्या हायेत न, भर त्यात. शेत आपलं, हळद आपली. नाव तिचंच राहू दे." मी एक पिशवी काढली, चमच्यानं भरायला घेतली... हात पुढं जाईना. पट्टी तिची, शिक्का तिचा, शिवण तिची आणि आतला हात दुसऱ्याचा. हेच तर ते लोक करत होते. चुना टेकवला तर पट्टी लाल होईलच, कोणालाही काही कळणार नाही, आणि म्हणूनच मला भरता येईना. प्रमोदला म्हटलं, बाजारातून कोऱ्या पिशव्या आण.

परवा त्या कोऱ्या पिशव्या घेऊन मी बाजारात बसले, तिच्याच जागेवर. एक बाई आली, कडेवर नात. पिशवी उचलून, उलटीपालटी करून तिनं विचारलं, "शकूबाईची हाय का?"

"नाई माय," मी म्हटलं. "शकूबाईची संपली."

पिशवी तिच्या हातातच होती. "मंग हे कोणाची?"

माझी, म्हणायला मला बराच वेळ लागला.