नळीतला उजेड

आर्डिथ क्लिंगर गेली तेव्हा खोऱ्यातले लोक लेस्टर बोयरकडे येऊन म्हणाले, "तुझी तर चांगली ओळख होती तिच्याशी." लेस्टर मान हलवायचा. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं. एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना त्यांची घरं होती. तिचा नवरा विल्मर लेस्टरचा नेमबाजीतला सोबती. आर्डिथ शर्टांच्या कारखान्यात काजं शिवायची, लोणची घालायची आणि पुरुष नेमबाजीच्या गोष्टी करायला लागले की तळघरात निघून जायची. लेस्टरला तिच्याविषयी एवढंच ठाऊक होतं. ती तळघरात कशाला जाते, हे त्याने कधी विचारलं नाही. कपडे धुवायला जात असेल, असं त्याला वाटायचं.

विल्मर वारला त्यानंतरच्या वसंतात एका सकाळी ती कुंपणाशी आली.

"लेस्टर, तुझी गाडी चालते का अजून?"

"मला वाटतं, चालते."

"मग मला डोळ्याच्या डॉक्टरकडे सोड. आणि कुणाला सांगू नकोस."

तिचा डावा डोळा लहानपणापासूनच अधू होता. उजव्यावर सगळं चालायचं आणि आता त्या उजव्याच्याच मधोमध एक धुरकट ठिपका आला होता. डॉक्टरने सांगितलं की तो वाढत जाईल. या वर्षी काम भागेल, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. परतताना ती खिडकीबाहेर बघत बसली होती. नेमबाजी क्लबच्या फाट्याशी आल्यावर म्हणाली, "थांबव जरा."

क्लबच्या खोलीत भिंतीवर लाकडी पाटी होती. हजार यार्डांवर ज्याच्या दहा गोळ्या सर्वांत जवळजवळ पडतील, त्याचं नाव त्या वर्षापुढे कोरलं जाई. विल्मर क्लिंगरचं नाव तिथे चार ठिकाणी होतं. आर्डिथने त्यावरून बोट फिरवलं.

"या चारही वर्षांची काडतुसं मी भरलेली," ती म्हणाली.

लेस्टरला आधी कळलंच नाही. या डोंगराळ भागात प्रत्येक नेमबाज आपली काडतुसं आपण भरतो. दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणी आपल्या बंदुकीत घालत नाही. बायकोने भरलेलं तर नाहीच. हे कळलं असतं तर विल्मरला जन्मभर टोमणे ऐकावे लागले असते.

"काडतुसं भरायला विल्मरला तराजूसमोर बसवायचंच नाही," ती म्हणाली. "हातात बिअर आणि तोंडाची टकळी चालू. मी म्हटलं, गोळ्या तू झाड, काडतुसं मी भरते. पाटीवर काय, झाडणाऱ्याचंच नाव लागतं." मग म्हणाली, "यंदा मीच झाडणार आहे. एकदा माझं नाव बघायचंय तिथे. दिसतंय तोवर."

त्या दिवसापासून तिला काय हवंय ते लेस्टरला पक्कं माहीत होतं, आणि किती वेळात हवंय तेही.

तो पहिल्यांदा तिच्या तळघरात उतरला तेव्हा त्याला प्रार्थनेला आल्यासारखं वाटलं. रेडिओ बंद. टेबलावर बंदुकीच्या दारूचा एकच डबा. दुसरा डबा उघडायचा तर पहिला झाकण लावून कपाटात ठेवायचा. ती दारू तोलत असताना बोलायचं नाही, हा नियम तिने त्याला ओठांवर बोट ठेवून समजावला. पितळी पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभ्या असत. दारू भरून झाली की ती एकेका पुंगळीत बॅटरीचा उजेड टाकी आणि सगळीकडे पातळी सारखी आहे का ते बघे. डोळ्याची खात्री वाटली नाही की पुन्हा तोली. जन्मभर काजं शिवलेली तिची बोटं गोळी पुंगळीच्या तोंडात अशी बसवत की त्यात जोर कुठे लागतो ते दिसत नसे.

सकाळी वारा सुटायच्या आत ते तिच्या मागच्या शेतात जाऊन ती काडतुसं तपासत. गोळी किती बाहेर ठेवायची, यावर सगळं अडलं होतं. विल्मर असताना ती गोळी जराशी आत बसवायची. नळीतल्या आट्यांपासून, म्हणजे आतल्या पिळदार खाचांपासून, थोडी मोकळी. तशा गोळ्यांच्या भोकांचा पुंजका लक्ष्यावर बशीएवढा यायचा. यंदा तिने गोळी बाहेर घेत घेत थेट आट्यांत रुतेल इतकी आणली आणि पुंजका एकदम मिटला. कागदावरची भोकं एकमेकांना चिकटली.

"बघ," ती म्हणाली. तिच्या आवाजात कारखान्यातल्या पोरीसारखा खट्याळपणा होता.

लेस्टरने कागद हातात घेतला. "विल्मर मोकळी का ठेवायला सांगायचा?"

"हरणांमुळे."

शरदात हरणं चरत चरत मैदानात येतात. हरीण आलं की गोळीबार थांबवतात, सगळ्यांना बोल्ट, म्हणजे बंदुकीची मागची कडी, उघडून नळी रिकामी करावी लागते. गोळी आट्यांत रुतलेली असली तर पुंगळी बाहेर येते आणि गोळी नळीतच अडकून बसते. दारू सगळी आत सांडते.

"मला वाटतं, थोडी मोकळीच बरी," लेस्टर म्हणाला.

"तुला वाटतं! तुला सगळंच वाटतं रे लेस्टर. कधी काही माहीत असतं का?" ती हसली, पण कागद परत घेतला. "हल्ली बशीएवढ्या पुंजक्याला पाटीवर जागा नाही मिळत. हरणांचं मी बघून घेईन."

उन्हाळा तिने चांगला काढला. पुंजके लहान येत होते, पण एखादी गोळी नेहमी बाहेर जायची. ठिपकाही वाढत होता. तिने त्यावर तोड काढली होती. लक्ष्याचा मधला गोल आता तिला दिसत नसे, म्हणून ती दुर्बिणीत त्याच्या चारी कडा सारख्या घ्यायची आणि मधोमध धुकं ठेवायची. हे फक्त लेस्टरला ठाऊक होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या सामन्याला ते निघाले तेव्हा गाडीत ती एवढंच म्हणाली, "आज झालं तर झालं."

मैदानावर थंडी होती. नेमबाज कॉफीचे कप घेऊन उभे होते. शेजारच्या टेबलावर हार्वी ट्राउटमन होता. वर्षभरातला सर्वांत लहान पुंजका आतापर्यंत त्याचाच होता.

"काय गं आर्डिथ," तो म्हणाला, "काजं शिवून कंटाळलीस, आता भोकं पाडायला आलीस?"

"तुझ्या शर्टाची काजं मीच शिवली असतील हार्वी. अजून एकही उसवलं नसेल."

माणसं हसली. हार्वीही हसला. मग विल्मरच्या भावाचा मुलगा डेल, जो मैदान सांभाळायचा, त्याने सगळ्यांना टेबलांवर बोलावलं.

लेस्टर तिच्या मागे उभा राहिला. सरावाच्या गोळ्या झाल्या. वाऱ्याच्या झेंड्या तिला नीट दिसत नव्हत्या म्हणून तो हळूच सांगत होता, "डावीकडून. तसाच. अजून तसाच." डेलने घड्याळ सुरू केलं. वारा एका दिशेने स्थिर होता आणि तो टिकेल तोवर सगळ्या गोळ्या सोडायच्या, हे ती विल्मरला जन्मभर सांगत आली होती. आता तिने तेच केलं. गोळी, पुंगळी, पुढचं काडतूस, पुन्हा गोळी. तिचे हात कुठेच अडत नव्हते. लेस्टर मनात मोजत होता. सातवी गेली. आठवं काडतूस आत जाऊन बोल्ट बंद झाला.

"थांबा! हरीण आहे! बोल्ट उघडा!"

एक मादी आणि तिच्या मागे दोन पाडसं झाडीतून बाहेर येऊन, लक्ष्यांच्या अलीकडे शांतपणे गवत खाऊ लागली. टेबलांवरून बोल्टांचे खडखड आवाज झाले. आर्डिथचा हात मात्र बोल्टवर थांबला. चाप इतका हलका होता की बोटाचा नुसता स्पर्शही त्याला पुरला असता. लेस्टरला तिच्या मानेवरची शीर उडताना दिसली.

"काकू, बोल्ट!" डेल ओरडला.

तिने बोल्ट उघडला. पुंगळी आली आणि तिच्यामागून शेवयांच्या चुऱ्यासारखी काळी दारू बोल्टच्या खोबणीत सांडली. गोळी आली नाही.

हार्वीने नजर फिरवली. गोळीबार थांबलेला असताना बंदुकीला हात लावायचा नसतो, म्हणून ती हात मांडीवर ठेवून बसली. घड्याळ थांबलं होतं. ते पुन्हा सुरू झाल्यावर दोन-अडीच मिनिटं उरणार होती आणि तीन गोळ्या.

"सळई आण," ती पुढे बघतच म्हणाली.

लेस्टर गाडीकडे धावला. त्याचे गुडघे आता धावायचे राहिले नव्हते. विल्मरची नळी साफ करायची लांब सळई शोधून तो परतला तेव्हा पाडसं झाडीत शिरत होती, मादी मात्र वळून बघत उभी होती. मग तीही गेली.

"चालू करा!"

आजूबाजूला बंदुका कडाडल्या. आर्डिथने बोल्ट काढून बाजूला ठेवला, बंदूक मागे ओढून तिचं तोंड टेबलावर आणलं आणि ब्रशने दारू झाडू लागली. लेस्टरने सळई तोंडातून आत सारली. ती सरकत गेली आणि मग टणक काहीतरी लागलं. त्याने जोर दिला. हाताला घाम आला होता. सळई पुढे गेल्यासारखी वाटली आणि त्याच क्षणी टेबलाखाली फरशीवर काहीतरी पडलं.

"पडली!" आर्डिथ म्हणाली. "ऐकलं मी. काढ सळई."

त्याने ती काढली. तिने वाकून नळीत पाहिलं. क्षणभरच. त्या डोळ्याला मधोमध सगळं धूसरच दिसायचं, हे तिलाही ठाऊक होतं, पण तिने बोल्ट बसवायला घेतला.

"मी बघतो," लेस्टर म्हणाला.

"वेळ नाहीये. सरक."

"थांब गं."

"लेस्टर, हट!"

त्याने आपला हात खोबणीवर ठेवला. उभ्या आयुष्यात त्याने कुणाच्या बंदुकीला न विचारता हात लावला नव्हता. तिने त्याच्या मनगटावर चापट मारली, जोरात. त्याने हात तसाच ठेवून मान वाकवली आणि बोटांच्या फटीतून नळीत पाहिलं. पलीकडच्या टोकाला आकाशाचा गोल उजेड दिसायला हवा होता.

"तुला काय वाटतं ते मला नको सांगूस," ती दातांतून म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं. "दिसतोय की नाही?"

"नाही. उजेड नाही."

बोल्ट धरलेला तिचा हात तसाच राहिला. लेस्टरने खाली बघितलं. फरशीवर रिकामी पुंगळी पडली होती. बंदूक ओढताना टेबलावरून घरंगळलेली. सळई पुढे गेलीच नव्हती, त्याच्या घामेजल्या मुठीतून सरकली होती. तिने पुढचं काडतूस आत घालून झाडलं असतं तर एका नळीत दोन गोळ्या होऊन नळी फुटली असती, आणि तिचा गाल बंदुकीला टेकलेला असता.

त्याने हात पँटला पुसला आणि पुन्हा सळई घातली. या वेळी गोळी निघाली, तिच्याबरोबर आणखी थोडी दारूही. तो वाकला. उजेड होता, पण त्यात दारूचे कण चिकटलेले होते. "कापड," तो म्हणाला. तिने कापड दिलं. ते फिरवून झालं तेव्हा डेलने वेळ संपल्याची हाक दिली.

आर्डिथने बोल्ट कापडात गुंडाळला. बाकी काही केलं नाही.

लक्ष्यं आली तेव्हा तिच्या कागदाभोवती माणसं जमली. सात भोकं होती. हार्वीने आपली मूठ त्यावर ठेवली आणि सातही झाकली गेली. त्याने टोपी मागे सरकवली.

"दहा असती तर," तो म्हणाला.

"सात आहेत," आर्डिथ म्हणाली आणि कागदाची सुरळी केली.

संध्याकाळी अग्निशमन केंद्राच्या सभागृहात चिकन आणि वाफल्सचं जेवण होतं. त्या वर्षापुढे हार्वीचं नाव जाहीर झालं. त्याने उभं राहून आभार मानले आणि मग अडखळत म्हणाला की आज मैदानावरची सर्वांत चांगली काडतुसं त्याची नव्हती. आर्डिथ बशीतला रस्सा पावाने पुसत होती. तिने मान वर केली नाही.

परतताना गाडीत, वळणावर ती म्हणाली, "विल्मर असता तर त्याला गोळी मोकळीच हवी असती."

"हो."

"तू सांगितलं होतंस."

"मी नुसतं म्हटलं होतं."

"तेच तर," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने त्याचं मनगट अंधारात चाचपलं. "लागलं का रे?"

"नाही."

हिवाळ्यात ठिपका वाढला. बंदूक तिने डेलला दिली. तराजू ठेवून घेतला. लेस्टर एक दिवसाआड तिच्याकडे जायचा, लाकडं आत आणून द्यायचा, कॉफी प्यायचा. बोलणं फार व्हायचं नाही. विचारण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. इतकी वर्षं त्या तळघरात एकटीने ती काय विचार करायची, पाटीकडे बघून तिला कधी राग यायचा का. विचारू विचारू म्हणता राहून गेलं. जानेवारीतल्या एका रात्री ती झोपेतच गेली.

आदल्या दिवशी दुपारी तो निघायला उठला तेव्हा ती चुलीजवळच्या खुर्चीत होती. तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

"बर्फ थांबला का रे बाहेर?"

लेस्टरने दार उघडून पाहिलं.

"नाही."

"मग टोपी घालून जा."