पंधरा नंबरची विहीर

आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या घेऊन येणारी माणसं दोन प्रकारची. एक, टेबलावर बाटल्या टेकवून पळ काढणारी. दुसरे गिरमिटमामा. ते प्रत्येक बाटलीचं झाकण पुन्हा आवळून पाहत, चिठ्ठी माझ्याकडे वळवून ठेवत आणि मी वहीत नोंद करेपर्यंत समोरून हलत नसत. मुलीला पहिल्यांदा शाळेत सोडायला आलेल्या बापासारखे उभे. मला राग यायचा. मी मुद्दाम हळू लिहायचे.

जमिनीला भोकं पाडून माती काढायची, नळ्या पुरून खालचं पाणी उपसायचं आणि आमच्याकडे तपासायला आणायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. कारखाना बंद पडला, ती जागा कोणी घेतली, तिथे घरं किंवा बाग करायचं ठरलं, की जमिनीत काय काय मुरलंय ते आधी पाहावं लागतं. गिरमिट हे नाव हत्यारावरून पडलं, असं ते स्वतः सांगत. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. एकदा विचारायला लागले की समोरच्याच्या डोक्याला भोक पडेपर्यंत थांबत नसत. कोणत्याही जागेवर पहिले दोन दिवस हत्यार गाडीतच. मामा जुन्या कामगारांना, पहारेकऱ्यांना, नावाड्यांना गाठून विचारत बसायचे की टाकी कुठे होती, उरलंसुरलं कुठे ओतायचात, साहेब नसताना कुठे ओतायचात. "नकाशात टाकी दाखवतात, बाई. गळती कोण दाखवतो?" असं म्हणायचे.

नमुना घ्यायच्या दिवशी डोक्याला तेल नाही, अंगाला वासाचा साबण नाही. पंपात पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवायचं, कारण हाताला एक थेंब लागला तरी नमुना वाया. त्यांना स्वतःला मात्र पेट्रोलचाही वास येत नसे. तरुणपणी हे गृहस्थ मूठ मूठ माती नाकाशी धरून हुंगायचे. तेव्हा कोणी अडवलं नाही आणि चाळिशीत नाक कायमचं गेलं. "नाकाने कांदे सोलायचीसुद्धा सोय राहिली नाही," असं हसत सांगायचे. ते ऐकून मला कधी हसू आलं नाही.

तर नदीकाठच्या डांबराच्या कारखान्याचं काम त्यांच्याकडे आलं. कोळशापासून डांबर आणि त्याची सतरा भावंडं तिथे काढत. मामांचे वडील तिथेच भट्टीवर होते. कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं झालेली. उरल्या होत्या चार भिंती आणि कमरेएवढं गवत. भिंत आणि नदी यांच्यामध्ये एक चिंचोळी गल्ली, गल्लीत नऊ घरं, आणि तिसऱ्या घरात मामांची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला आक्काच म्हणायचो, कारण तिच्या परसातले भोपळे आणि शेंगा मामांच्या पिशवीतून दर आठवड्याला आमच्याकडे येत. तिच्या अंगणात विहीर होती. नळ गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलेला, म्हणून नऊही घरं त्याच विहिरीवर.

अकरा वर्षांपूर्वी मामांनी मला गुपचूप एक जादा बाटली दिली होती. "घरचीच आहे. बिल करू नका, बोलू नका, तेवढं पाहून द्या." मी पाहिलं. पाणी स्वच्छ. मी 'दोष नाही' असं लिहून खाली सही केली. मामांनी तो कागद आक्काला नेऊन दिला. पुढल्या आठवड्यात आला पहिला भोपळा. दगडासारखा टणक आणि उशीएवढा मोठा.

आता कारखान्याच्या आवारात मामांनी चौदा नळ्या पुरल्या. पाण्याची पहिली फेरी आली. नऊ नंबर, म्हणजे गल्लीच्या भिंतीला लागून असलेली नळी, जवळजवळ निर्मळ. महिन्याने दुसरी फेरी आली आणि त्याच नऊ नंबरात डांबरातलं ते गोडसर वासाचं विष मर्यादेच्या चाळीस पट. मी सरळ फोन लावला.

"मामा, नऊ नंबरची बाटली धुतली होती का?"

"बाई, मला काय वाटेल ते बोला. माझ्या बाटलीला नावं ठेवायची नाहीत."

"मग महिन्यात चाळीस पट कुठून आलं? आभाळातून पडलं?"

"तुमचं यंत्र पाहा आधी!"

अर्ध्या तासात ते रागाने लाल होऊन समोर हजर. मी दोन्ही फेऱ्यांचे कागद त्यांच्यापुढे टाकले. मला वाटलं, आता तासभर भांडण. पण मामा आकडे पाहतच नव्हते. ते वेळा पाहत होते. पहिला नमुना सकाळी अकरा दहाचा, दुसरा संध्याकाळी पाच वीसचा. त्यांनी खिशातून नावाड्यांकडचं भरती-ओहोटीचं घडी घातलेलं वेळापत्रक काढलं आणि एकेका तारखेवर बोट ठेवलं. पहिल्याला ऐन भरती, दुसऱ्याला ऐन ओहोटी.

तिथून समुद्र बराच लांब, नदीचं पाणी गोडच. पण भरतीचा जोर तिथवर पोचतो. नदी फुगली की तिचं चांगलं पाणी काठाच्या जमिनीत शिरतं आणि खालची घाण मागे रेटतं. पाणी उतरलं की तीच घाण कारखान्याकडून नदीकडे निघते, वाटेतल्या सगळ्याला भिजवत. म्हणजे एकच नळी सकाळी साव आणि संध्याकाळी चोर. हे आम्हाला ऐकून ठाऊक होतं. नऊ नंबरात इतका फरक पडेल, हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"झालं तर मग," मी म्हटलं, "माझं यंत्रही बरोबर आणि तुमची बाटलीही."

मामांनी मान वर केली नाही. "बाई, जुनी वही काढा. अकरा वर्षांपूर्वीची."

मला तेव्हाही कळलं नाही. वही काढली. त्यांच्या चिठ्ठीवरून मीच उतरवलेली ओळ होती. घरची विहीर, रविवार, दुपारी दीड. वेळ लिहायची त्यांची सवय तेव्हाही होती; वाचायची माझी नव्हती. त्यांनी मला मोबाइलवर त्या दिवसाची तिथी पाहायला लावली. पौर्णिमा. त्या काठावर पौर्णिमेला दुपारी दीडला पाणी काठोकाठ असतं, हे कोणीही नावाडी डोळे मिटून सांगेल.

"जेवायला बोलावलं होतं तिने," मामा म्हणाले. "जेवण झालं, जाता जाता बाटली भरून घेतली."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ओहोटी होती. मामांनी मला बरोबर यायला सांगितलं. नमुना घ्यायला त्यांना माझी गरज काय? एकट्याने जायची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. मीही गेले, कारण त्या कागदावर सही माझी होती.

आक्का दारातच भेटली. ठेंगणी, कमरेला पदर खोचलेला, बोलण्यात भावासारखीच गिरमिट. "जेवायच्या वेळेवर बरे आलात! आणि बाईंना आज रस्ता कसा सापडला?" मामा सरळ विहिरीकडे गेले. त्यांनी पोहरा सोडला, पाणी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. माझं नाक शाबूत आहे. वास बारीक होता, गोडसर होता, पण होता.

"आक्का," मामांनी विचारलं, "ह्या पाण्याला कधी वास येतो?"

"येतो की. पाणी उतरलं की येतो, चढलं की जातो."

"मग हे प्यायचं नसतं, एवढं कळत नाही?" मामा ओरडलेच.

आक्काने पदराला हात पुसले. "कळत होतं. सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, नदी उतरली की विहिरीला हात लावायचा नाही. आख्खी गल्ली तेच पाळायची. रात्री-अपरात्री उठून भरतीला हंडे भरायचो आम्ही. मग तू कागद आणलास. म्हणालास, पाणी उत्तम आहे, चोवीस तास बिनधास्त पी. मी म्हटलं, सासूबाई अडाणी, माझा भाऊ तपासून सांगतोय. नऊ घरांत फिरवला तो कागद. पलीकडच्या काकू ऐकेनात, त्यांच्याशी भांडले. त्यानंतर कोणी पाळलं नाही."

"पण वास येत होता ना?"

"येत होता. वाटायचं, मनाचे खेळ. तू तपासलेलं, म्हणजे माझ्याच नाकात दोष."

मामा विहिरीच्या कठड्यावर बसले. ज्या माणसाने पहारेकऱ्यांपासून नावाड्यांपर्यंत साऱ्या काठाच्या डोक्याला गिरमिट लावलं, त्याने सख्ख्या बहिणीला एक प्रश्न विचारला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात. कळसा खरोखरच त्या बाईच्या काखेत होता, तीस वर्षं. मी तरी काय दिवे लावले होते? बाटली कुठल्या विहिरीची, भरतीची की ओहोटीची, कोण पितं ते पाणी, यातलं मी काहीही विचारलं नव्हतं. मला अतिशय लाज वाटली.

"चुकलं माझं," मामा म्हणाले. एवढंच. मग गुडघ्यावर हात ठेवून ते लहान मुलासारखे रडले, आणि आक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "अरे, पण मी ठणठणीत आहे ना," म्हणत राहिली. ती ठणठणीत होती की नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशीच्या बाटलीत मर्यादेच्या अकरा पट निघालं. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत, पण कागदाचे भक्त. म्हणाले, "भिंतीबाहेरची विहीर आपल्या कामात बसत नाही. तोंडी सांगा त्यांना." मामा म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी असंच परस्पर सांगितलं होतं, साहेब. आता अहवालात पंधरा नंबर म्हणून जाईल, नाहीतर खाली सहीला दुसरा माणूस बघा." साहेबांनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, आणि पंधरा नंबर अहवालात गेला. त्यासोबत मामांनी हट्टाने आणखी एक पान जोडायला लावलं. पहिला नमुना कोणी, कधी घेतला आणि का चुकला, ते सगळं त्यावर होतं. खाली त्यांची सही, शेजारी माझी.

त्या पानामुळे गल्लीची दखल घेणं भाग पडलं. दोन महिने टँकर आला, मग नळ. विहिरीवर झाकण बसलं. नऊही घरांची तपासणी झाली. आक्काचं रक्त कमी निघालं. विहिरीमुळे की वयामुळे, डॉक्टर ठाम सांगत नाहीत. दर तीन महिन्यांनी तिला घेऊन मामाच जातात. दवाखान्यात ते डॉक्टरांना इतके प्रश्न विचारतात की आक्का त्यांना बाहेर बसवते. घरी येऊन पडलेला शेवटचा भोपळा मी तपासला. त्यात काही निघालं नाही. खाल्लाही, पण गोड लागला नाही.

मामांच्या कामाच्या कागदावर आता दोन ओळी जास्त आहेत. एक, पाणी चढतं की उतरतं. दुसरी, घरात पाणी कोण भरतं आणि ती काय म्हणते. दुसरी ओळ रिकामी असेल तर मी बाटली घेत नाही. मामांचीही घेत नाही.

गल्लीत नळ सुरू झाला त्या सकाळी मी मुद्दाम गेले होते. मामा बाटली घेऊन नळापाशी वाकलेले, डोक्याला तेल नाही, कोरडे केस वाऱ्यावर. आक्का हंडा घेऊन मागे उभी. बाटली भरली, झाकण आवळलं आणि मामा उठले.

"मग?" आक्का म्हणाली. "पिऊ का?"

एके काळी या प्रश्नाला त्यांनी लगेच उत्तर दिलं होतं. आता हातातल्या बाटलीकडे पाहत उभे राहिले. "तपासून सांगतो, आक्का."

आक्काने हंडा खाली ठेवला, आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं आणि भावासमोर धरलं.

"किती वाजले ते लिही आधी," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी पुन्हा ये."