पुस्तकाबरहुकूम

कादंबरीवरून केलेली मालिका माझ्या काकांइतक्या नेमाने आणि इतक्या संतापाने पाहणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात दुसरा सापडायचा नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मालिका सुरू झाली, की मूळ पुस्तक मांडीवर उघडून, चष्मा नाकावर चढवून ते टीव्हीसमोर बसतात. नायिकेची साडी पुस्तकात हिरवी आणि पडद्यावर निळी निघाली, तर त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. जाहिराती लागल्या, की आवाज बंद करून ते गाळलेला मजकूर खणखणीत वाचून दाखवतात. तो ऐकल्याशिवाय घरातून सुटका नाही. एका मालिकेत पुस्तकात नसलेली एक कारस्थानी आत्या घुसली. "ही कोण बया? हिला आत कुणी घेतली?" काका गरजले, आणि ती पडद्यावर असेपर्यंत खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसू लागले. आत्या पुढे लोकप्रिय झाली, त्यामुळे ती मालिका काकांनी बरीचशी भिंतीवरच पाहिली. सकाळी धारोष्ण दूध प्यायला लोक जमतात त्या दूध कट्ट्यावर ग्लास हातात धरलेल्या अनोळखी माणसालाही ते सोडत नाहीत. "पावणं, कालचा भाग बघितलासा? सगळं खोटं हाय, आता खरं ऐका!"

असे हे काका गेल्या वर्षी एका नव्या मालिकेची नुसती जाहिरात पाहून पांढरेफटक पडले. मला गॅलरीत ओढून दार लावून घेतलं. "आरं, ह्यांनी हे पुस्तकाबरहुकूम केलं तर माझी वाट लागली की!" काकांच्या तोंडून हे ऐकून मीच कठड्याला धरलं. मग सगळा उलगडा झाला. मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा काकांनी तिला ही कादंबरी वाचून दाखवली होती. मावशीचा त्या नायिकेवर इतका जीव जडला, की नायिका आजारी पडल्यावर मावशीने जेवण सोडलं. आणि शेवटच्या प्रकरणात तर ती मरते. काकांची जीभ रेटेना. त्यांनी पुस्तक समोर धरलं आणि नायिकेला सरळ बरं करून टाकलं. नंतर ते पुस्तक कपाटात पार मागे सारलं. "तुझ्या मावशीशी तेवढं एकच खोटं बोललोय रं," काका म्हणाले, "आणि तिनं माझ्या तोंडावर इश्वास ठेवलाय."

मालिका सुरू झाली आणि काका पार बदलले. पुस्तकात नसलेली नणंद आली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "येऊ दे, येऊ दे! आणखी बदला म्हणावं!" नायिका अंथरुणाला खिळली त्या आठवड्यात मात्र ते अंबाबाईला दोनदा जाऊन आले. शेवटच्या भागाला मीही होतो. नायिकेने डोळे मिटले, काकांनी माझं मनगट आवळलं, आणि तेवढ्यात ती ताडकन उठून बसली! पुढच्या दृश्यात चक्क नाचलीसुद्धा. एरवी काकांनी टीव्ही फोडला असता. आता त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मलाही एकदम हलकं वाटलं. "झ्याक केलं!" म्हणत ते पेढे आणायला उठले.

"कसलं झ्याक?" मावशी म्हणाली. "लई उरकून टाकलं बघा. पुस्तकात कसं, ती बरी हून आजऱ्याला माहेरी जाती, काजूची रोपं लावती, आणि पहिलं बोंड सासूच्या हातात ठेवती. किती ग्वाड हुतं ते!"

मावशीचं माहेर आजऱ्याचं. कादंबरीत आजरा नाही आणि काजूही नाही. काका जागच्या जागी थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळीन् ओळीसाठी भांडलेला माणूस, स्वतःच्या पानाचं कौतुक ऐकताना कानापर्यंत लाल झाला होता.

"अवो, तेवढा शेवट परत एकदा वाचून दाखवा की," मावशी म्हणाली.

काकांनी कपाटातून पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. चष्मा टीपॉयवरच राहिला होता. मावशीने तो उचलला, पदराने पुसला, आणि त्यांना न देता मांडीवर ठेवून ऐकत राहिली.