उपटणारीची पऱ्हाटी

रोज दुपारी चारच्या सुमारास दत्तोपंत गुरुजींना अंगणात मोळी टाकल्याचा आवाज यायचा. धप्प. बाहेर येऊन पाहावं तर कोणी नाही. बायको सुधा म्हणायची, "तुम्हांला भास होतात." भास होतात हे गुरुजींनाही कळत होतं. मोळी कोणाची हेही कळत होतं, आणि भय त्याचंच होतं.

केळझरच्या बाजूला एका खेड्यात त्यांनी तीस वर्षं शिकवलं, पण हजेरीपटावर एक खाडाखोड नाही. कागदात चौकोन असेल तर भरायचा, नसेल तर जगात ती गोष्टच नाही, असा सरळ माणूस. या गुणापायीच निवृत्तीनंतर, २००५ साली, गावाजवळच्या सरकी-तेलाच्या कारखान्याने त्यांना सर्वेक्षणाला लावलं. कारखाना कोळसा सोडून बॉयलरमध्ये पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणारी वाळकी झाडं, जाळणार होता. त्याच वाफेवर तेलाचं काम, उरल्या वाफेवर वीज. वाहून आणलेली पऱ्हाटी कोळशाहून महाग पडायची. पण हवेत न सोडलेल्या दर टन कार्बनमागे परदेशी कंपन्या पैसे मोजणार होत्या आणि तेवढ्यावर गणित जमत होतं. अट एकच, पऱ्हाटी कुणाच्या वापरातली नसावी.

आता गावची रीत अशी, की फाल्गुनात मजूर बाया शेतातली पऱ्हाटी उपटून द्यायच्या आणि मोबदल्यात तीच घरी न्यायच्या. वर्षाची चूल त्यावर चालायची. गुरुजींनी विचारलं ते मात्र शेतमालकांना. किसनराव म्हणाले, "आमच्या काई कामाची नाई जी. बाया घेऊन जाते."

तक्त्यात चौकोन तीनच होते: विकली, घरी वापरली, वाया गेली. किसनरावांनी विकली नव्हती, वापरलीही नव्हती. गुरुजींनी सुवाच्य अक्षरात खूण केली, वाया गेली. सगळ्या शेतमालकांच्या नावांपुढे तेच. आणि किसनरावांच्या शेतातली पऱ्हाटी उपटणारी जयवंता खुद्द गुरुजींच्या अंगणात दर शनिवारी आंघोळीच्या पाण्यासाठी एक मोळी टाकून जायची! डोळे असून माणूस किती आंधळा असावा?

पऱ्हाटीला भाव आला. ट्रॅक्टर थेट शेतात जाऊ लागले. जयवंता रिकाम्या हातांनी गुरुजींच्या दारात आली.

"किसनराव हात लावू देत नाई, गुरुजी. म्हणते, कंपनीची हाय. आमी चुलीत काय घालावं? तुमीच लिवलं ना? मंग तुमीच सांगून पाहा ना जी."

"पाहतो," गुरुजी म्हणाले.

पुढच्या वर्षी, कार्बनचे पैसे सुटण्याआधी, तपासणीला साहेब आले. कारखान्याचे मॅनेजर रूपराव शेजारीच उभे होते. टेबलावर गुरुजींचंच अक्षर पसरलेलं. साहेबांनी विचारलं, "या कारखान्यामुळे गावात कुणाला सरपण कमी पडलं का?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

त्याच महिन्यात चुलीसाठी कालव्याकाठची बाभूळ तोडताना जयवंताला साप चावला. वर्ध्याला नेईपर्यंत ती राहिली नाही. तेव्हापासून तो आवाज.

२००८ सरता सरता परदेशात कार्बनचा भाव कोसळला. कारखान्याचं गणित उलटलं आणि कोळशाचे ट्रक पुन्हा येऊ लागले. फाल्गुनात किसनरावांच्या शेतात पऱ्हाटी उभीच राहिली, कुणालाही नेता येईल अशी. गुरुजी वावरात गेले. जन्मात केलं नव्हतं ते केलं. तळहात सोलून निघाले, पण एक मोळी बांधली आणि डोक्यावर घेऊन जयवंताच्या घरी निघाले. डोमाजीजवळ सगळं कबूल करायचं, मग तरी तो आवाज थांबेल, असं त्यांच्या मनात होतं.

डोमाजी म्हणजे तिचा नवरा. त्याची नजर कधीच गेली होती, आता भानही जाऊन-येऊन असायचं. गुरुजींनी अंगणात मोळी टाकली. धप्प. अगदी तोच आवाज.

भिंत चाचपत डोमाजी दारात आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"आली काय वं, जयवंते? केव्हाची वाट पाहून राह्यलो."

मी दत्तोपंत, एवढंच म्हणायचं होतं. तेही गुरुजींच्याने म्हणवलं नाही. चपला हातात घेऊन ते आवाज न करता मागे फिरले.