पाखरांच्या ओळी

जयमाला म्हणजे खाडे करणारी बाई, असं आमच्या गावात मुकादमापासून सगळेच म्हणायचे. कांदा लावायला गेली की दोन-चार दिवसांत तिला चक्कर यायची, मग घरी बसणं आलं आणि मजुरीही बुडाली. सासू भागिरथी तर चारचौघांत म्हणायची, "कामचुकार हाय, दुसरं काय!" मी गिरणीवाला कादर. माझं मत विचाराल तर चक्कर कुणी हौसेनं आणत नाही. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं की पोरीच्या अंगात लोहच कमी आहे.

त्याच सुमारास कृषी खात्याच्या पंकजाताई गावात आल्या. जास्त लोह असलेली बाजरी बियाण्यासाठी पिकवायची, प्लॉट पास झाला तर बाजारापेक्षा चढा भाव, आणि घरच्या भाकरीतूनही लोह पोटात जाणार. लगेच पारावर कुजबुज सुरू झाली, ही म्हणे जीन बदललेली बाजरी, खाल्ली की मिशा गळतात! ताई हसल्या. "तसे प्रयोग प्रयोगशाळेत चालतात, पण ही बाजरी चांगली झाडं निवडून, त्यांचा संकर करून काढलीय." मिशा नसलेल्या जयमालानं एवढंच विचारलं, "भाकरी फुगती का हिची?" फुगते म्हटल्यावर तिनं बियाणं घेतलं. "औंदा खाड्यांची भरपाई रानातनं काढते," असं मला सांगून गेली.

पीक झकास आलं. कणसं पानांच्या पोटरीतून डोकावू लागली तेव्हा पंकजाताई पाहणीला आल्या आणि बांधावरच थबकल्या. कडेच्या ओळी वेगळ्याच दिसत होत्या.

"ही कुठली बाजरी?"

"आमची जुनी," जयमाला अभिमानानं म्हणाली. "पाखरांसाठी."

आमच्याकडे ही रीतच आहे. कडेला हलकं बी पेरायचं, पाखरं तिथंच पोट भरतात आणि आतलं पीक वाचतं. इतकं मोलाचं बियाणं कोण चिमण्यांना घालील? ताईंनी कपाळाला हात लावला. जुन्या बाजरीचे पराग वाऱ्यानं आत गेले की बियाण्यात भेसळ, आणि भेसळ झाली की प्लॉट नापास. फुलोरा यायच्या आत त्या ओळी कापायलाच हव्या होत्या.

भागिरथी बांधावर आडवी उभी राहिली. "पाखरांच्या तोंडचा घास काढायचा न्हाई!"

जयमाला सासूसमोर कधी तोंड वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "आत्याबाई, मळणी झाली की त्यांना नव्या बाजरीतला घास देऊ. पर ह्या ओळी ऱ्हाईल्या तर सगळंच बुडंल." आणि तिनं विळा घेतला. कापलेला चारा शेळ्यांपुढे गेला.

दाणा भरू लागला आणि पाखरं आतल्या पिकावर उतरली. आता राखण हाच उपाय होता. जयमाला रानातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, चढून डबा बडवायची. एकदा भर उन्हात तिला घेरी आली. भागिरथी भाकरी घेऊन आली तर सून एका हातानं खांबाला मिठी मारून उभी होती, डोळे मिटलेले, पण डबा वाजतच होता.

"खाली ये गं! पडशील!"

"पाखरं उतरतील, आत्याबाई."

भागिरथीनं तिला हाताला धरून खाली उतरवलं आणि स्वतः माळ्यावर चढली. संध्याकाळी माझ्या गिरणीच्या पायरीवर बसून ती रडली. "कादर, इतकी वर्सं मी हिला कामचुकार म्हनले रं. कामचुकार मानूस असं करतं व्हय?" मी मनात म्हटलं, उशिरा का होईना, उजाडलं.

प्लॉट पास झाला. बियाण्याला ठरलेला भाव मिळाला, आणि पुढच्या हंगामासाठी वस्तीतल्या आणखी बायकांनी नावं दिली. घरापुरती ठेवलेली बाजरी घेऊन भागिरथी स्वतः गिरणीत आली. "बारीक दळ," म्हणाली.

आमच्या गावात सून शेवटी जेवते, टोपल्यात उरेल ते खाते. म्हणून दुसऱ्या दिवशी जयमालाला मी मुद्दाम विचारलं, "काय गं, नवी भाकरी कशी लागली?"

ती पदरानं डोळे पुसत हसली. "चवच कळली न्हाई बगा, कादरभाई. आत्याबाईंनी तव्यावरनं काढून पयली माज्याच ताटात टाकली, आन् म्या खाईस्तवर समोर बसून बगत हुत्या."